पाच ठोक्यांची गाडी

खडीची मालगाडी जाताना रेल्वेच्या सिग्नल-केबिनची तावदाने थरथरतात आणि स्टोव्हवरच्या चहाच्या भांड्याचे झाकण आपोआप वाजू लागते. केबिनबाईला अलीकडे त्या झाकणाचा इतका राग यायचा की ती ते काढून बाजूला ठेवायची. मग चहात खडीची धूळ पडायची. मग तिला धुळीचा राग यायचा. चहा ओतून देऊन ती पुन्हा खिडकीशी उभी राहायची आणि खाली बघायची, आणि खाली बघितले की उरलासुरला रागही जागा व्हायचा.

खाली डावीकडे, फाट्यावरून येणाऱ्या लाइनीवर, तांबड्या सिग्नलपाशी ‘रिकामी’ उभी असायची. रिकामी हे त्या गाडीचे लोकांनी पाडलेले नाव. आत मात्र बाकांवर दाटीवाटी असायची. गिरणीतले कामगार, शाळेची मास्तरीण, भाजीच्या टोपल्या, कुणाची तरी मोडकी सायकल दुरुस्तीला निघालेली. आणि तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला असायचा. हातात मिटलेली पिवळी छत्री, आणि छत्रीचे टोक बंदुकीसारखे थेट केबिनवर रोखलेले.

तो हात तिच्या सख्ख्या नणंदेचा होता.

नणंदेचा नेम का धरलेला असायचा, ते कळायला आधी आकड्यांचे प्रकरण सांगितले पाहिजे. रेल्वेत प्रत्येक गाडीला नंबर असतो, आणि नंबरातला पहिला आकडा म्हणजे त्या गाडीचा मान. एक म्हणजे मेल. ती आली की सगळ्यांनी बाजूला व्हायचे. दोन म्हणजे साधी पॅसेंजर. तीन म्हणजे पार्सलची गाडी, चार म्हणजे मालगाडी. आणि पाच म्हणजे शेडमध्ये धुवायला निघालेले रिकामे डबे. पाचाने सगळ्यांना वाट द्यायची, तक्रार करायची नाही. रिकामे डबे तक्रार करणार तरी काय म्हणा. एका केबिनने पुढच्या केबिनला गाडी द्यायची ती घंटेवर. जेवढा आकडा तेवढे ठोके. पुढच्या केबिनने तेवढेच ठोके उलट वाजवले की गाडी तिने घेतली, मगच सिग्नल पाडायचा. उलट ठोके आले नाहीत तर गाडी आपल्याच गळ्यात.

पूर्वी फाट्यावरून सकाळी निघणारी ही गाडी खरोखरच रिकामी जायची. मग फाट्यावरची माणसे ड्रायव्हरला हात दाखवू लागली. ड्रायव्हर भला होता, थांबू लागला. पुढे गार्ड तिकिटे फाडू लागला. लोकांनी आपापल्या वस्तीजवळ मातीचे ढीग रचले, वर फळी टाकली आणि त्याला थांबा म्हणू लागले. हे सगळे बदलले. बदलला नाही तो एक आकडा. गाडीत दोनशे माणसे बसली तरी कागदावर ते रिकामे डबे, आणि रिकाम्या डब्यांच्या पुढे खडीसुद्धा जाते. दगडांना पाचापेक्षा मान जास्त.

आणि ही गाडी अडवण्याचे काम होते केबिनबाईचे. फाटा जिथे मोठ्या लाइनीला मिळतो तिथे तिची केबिन. पुढे नदीवरचा पूल, पुलावर नुसते रूळ, पायी जायला वाट नाही. म्हणून सिग्नलपाशी अडकलेल्या माणसाला उतरून चालत जायचीही सोय नव्हती. बसून राहायचे आणि केबिनकडे बघून दात-ओठ खायचे. फाट्यावरची बाई, फाट्यावरच्याच माणसांची गाडी रोज अडवते, हे लोकांना काही केल्या पचत नसे.

“सिग्नलचा खटका तुझ्याच हातात ना गं?” मास्तरीण विचारायची.

“हात माझा. हुकूम दुसऱ्याचा,” केबिनबाई सांगायची. हे उत्तर तिचे तिलाच इतके बेचव लागायचे की पुढे पुढे तिने द्यायचेच सोडले.

बाई मुळात फाटकवाली. रस्त्यावरचे फाटक उघडता-लावता तिने परीक्षा दिली आणि केबिनचा जिना चढली. त्या दिवसापासून तिने एकही ठोका चुकवला नव्हता. देवाचे नाव घेतल्याशिवाय खटका ओढायचा नाही, हा तिचा आपल्यापुरता नेम. ठोके तिच्या इतके अंगात भिनले होते की घरी कुणी दार वाजवले तरी ती उठण्याआधी मोजायची. तिचा नवरा सुतार, स्वभावाने मिश्कील. तो दार मुद्दाम एकदाच वाजवायचा आणि बाहेरून ओरडायचा, “मेल आली, बाजूला व्हा!” ती हसायची नाही, पण दार उघडायला उशीरही लावायची नाही.

नणंद मात्र अलीकडे दारावर पाच वेळा थापा मारायची. सावकाश, मोजून, बोटांची हाडे दुखेपर्यंत.

त्या थापांमागे कारण होते. नणंदेने सगळी उमेदीची वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी काढली. आई गेली, घर रिकामे झाले, आणि ज्या वयात लोक नोकरीला कंटाळतात त्या वयात हिला पहिली नोकरी लागली: पुलापलीकडच्या गावातल्या इस्पितळात, चादरी-अभ्रे सांभाळण्याच्या खोलीत. धुऊन आलेले कपडे मोजून वॉर्डात पाठवायचे. काम तिला मनापासून आवडले. इस्त्रीच्या वासाने डोके दुखायचे, तरी घरी आली की चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून कशी घालतात ते भावाला आणि वहिनीला करून दाखवायची. पण नेमणूक कच्ची होती. तिथल्या मुख्य बाईने पहिल्याच दिवशी बजावले होते की महिना भरेपर्यंत तिसऱ्यांदा उशीर झाला तर जागा दुसरीला. दुसरी तयारच होती. रोज सकाळी दाराशी येऊन बसायची म्हणे, हातात डबा घेऊन.

नणंदेचे दोन उशीर झाले होते. दोन्ही केबिनबाईच्या सिग्नलपाशी.

“वहिनी, तू माझ्या वाईटावर आहेस का?” त्या संध्याकाळी नणंदेने पायातली चप्पल काढता काढता विचारले.

“वन्सं, काहीतरीच काय बोलता.”

“मग तो सिग्नल पाड की! एवढी वाट दे मला. खडीला कुठे कामावर जायचंय? उशीर झाला म्हणून दगडांना कुणी घरी बसवणार आहे का?”

“माझ्या एकटीच्या मर्जीवर असतं तर—”

“तुझ्या मर्जीवर काय आहे मग? नुसता चहा?”

सुताराने रंध्याची पात पुसता पुसता मान वर केली. “तिचा चहाही खडीच्या मर्जीवर असतो,” तो म्हणाला. दोघींपैकी कुणीच हसले नाही, तेव्हा त्याने पुन्हा रंध्यात डोके घातले.

केबिनबाईने देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. तिला देवाकडे मागायची सवय नव्हती. देवाला सगळे दिसते, त्याला यादी कशाला वाचून दाखवायची, असे तिचे म्हणणे. पण त्या दिवशी तिच्या मनात आले की वरही असाच कुणी बसला असेल का, प्रत्येकाच्या प्रार्थनेवर आकडा टाकून? आणि फाट्यावरच्या बाईच्या प्रार्थनेवर पाच लिहिलेले असेल का? लगेच तिने स्वतःच्या गालावर चापटी मारून घेतली. देवाला फोनवरून गाड्यांचे हुकूम सोडणाऱ्या कंट्रोलच्या पंगतीला बसवल्याबद्दल.

दोन दिवसांनी तपासनीस साहेब केबिनमध्ये आले. घंटा, खटके, दिव्यांच्या वाती, सगळे ठाकठीक होते. त्यांनी कौतुकही केले. खाली रिकामी उभीच होती. बाईने धीर केला.

“साहेब, त्या गाडीचा पाच काढून दोन करा ना.”

“रिकामे डबे आहेत ना ते?”

“जरा वाकून बघा.”

साहेब खिडकीतून वाकले. पिवळी छत्री त्यांच्या नाकाच्या रोखाने आली तसे दचकून मागे झाले. “ही कोण?”

“माझी नणंद आहे.”

“असं होय.” साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली, बहुधा त्यांनाही बहीण आणि बायको दोन्ही असाव्यात. खुर्ची ओढून ते बसले. “बाई, माणसं आहेत ते मला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. पण समजा मी उद्या दोन लिहून आणला, मग ती झाली पॅसेंजर. पॅसेंजर कुठे थांबते?”

“फलाटावर.”

“तुमच्या घराजवळ काय आहे?”

केबिनबाईने खिडकीबाहेर पाहिले. मग हळूच म्हणाली, “मातीचा ढीग. वर फळी.”

“दोनची गाडी फळीपाशी थांबत नाही. नियमात बसत नाही. पाचाची थांबते, कारण रिकाम्या डब्यांनी कुठे थांबावं हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. दोन मागाल तर गाडी वेळेवर जाईल, पण तुमच्या अंगणासमोरून, न थांबता. मग तुमची नणंद कुठे छत्री रोखणार?”

“मग फलाट बांधा.”

“रिकाम्या डब्यांसाठी?” साहेब उठले. चेष्टा करत नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले. जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, “चहा छान होता. जरा कचकच लागली.”

त्या दिवशी केबिनबाईने दाराशी पडलेल्या रंगाच्या डब्यावर लाथ मारली. डबा रिकामा होता. जिन्यावरून गडगडत खाली गेला आणि त्याचा आवाज रिकामीतल्या लोकांनी मन लावून ऐकला. गाडीला आकडा बदलून दिला तर थांबे जाणार, नाही बदलला तर नणंदेची जागा जाणार. ज्या आकड्याने गळा धरला होता त्याच आकड्याने पायाखाली फळी दिली होती. असल्या गुंत्यात माणसाने रागवायचे तरी कुणावर?

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हा एक दिवस वेळेवर गेला की मुख्य बाई सही करणार होती. केबिनबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी सायकलवरून निघाली. निघताना देवापुढे हात जोडले आणि तोंडातून निघून गेले, “आज खडीला उशीर होऊ दे रे बाबा.” निघून गेल्यावर तिला ओशाळल्यासारखे झाले. खडीच्या गाडीतही एक ड्रायव्हर असतो, त्याच्या घरीही कुणी वाट बघत असेल. पण शब्द गेला तो गेला. सायकलच्या पायडलवर तिने सगळा राग काढला.

रिकामी आली आणि तांबड्या दिव्यापाशी थांबली. छत्री बाहेर आली. आज रोखलेली नव्हती. नुसती खिडकीच्या काठावर टेकलेली, म्हातारीच्या काठीसारखी. तेच बघवेना.

फोन वाजला. पलीकडे कंट्रोल. हा माणूस बाईने कधी पाहिलेला नव्हता. इतक्या वर्षांत तो तिच्यासाठी एक आवाजच राहिला होता. “केबिन, खडी मागच्या केबिनवरून निघतेय. खडी आधी, पाच मागून.”

“कंट्रोल, पाच माझ्या दारात उभी आहे. खडी यायला वेळ आहे. तोवर ही पूल ओलांडून जाईल.”

“बाई, पाच आहे ती.”

“आत माणसं आहेत.”

“माझ्या पाटीवर माणसं दिसत नाहीत. आकडे दिसतात.”

“मग एकदा येऊन बघा!”

“खडी आधी,” आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

बाई घंटेच्या बटणापाशी आली. आता पुढच्या स्टेशन केबिनला चार ठोके द्यायचे, त्यांनी चार परत द्यायचे, आणि दगड पुलावरून जायचे. चाराऐवजी तिने पाच दिले असते तरी उपयोग नव्हता. स्टेशन केबिनवरच्या माणसाला सगळे भोपूकाका म्हणायचे, आवाज तसाच होता. पाचाचे ठोके ऐकून भोपूकाका कधी घाईने उठला नव्हता. आधी सुपारी कातरायचा, मग खडी कुठे आहे ते विचारायचा, मग गाडीला तिष्ठत ठेवायचा.

तिने बटण दाबले. एकदा. आणखी एकदा. आणि बोट उचलले.

दोन.

उलट दोन ठोके इतक्या तत्परतेने आले की तिला रडू फुटायची वेळ आली. एवढेच होते तर! एवढ्याशा दोन ठोक्यांसाठी ही सगळी माणसे रोज उन्हात शिजत होती! रागाच्या त्याच तिरमिरीत तिने खटक्याला हात घातला, देवाचे नाव घ्यायला तोंड उघडले, आणि नाव काही येईना. घशातच अडकले. तिने खटका तसाच ओढला.

सिग्नल पडला. रिकामीच्या ड्रायव्हरने डोके बाहेर काढून एकदा सिग्नलकडे आणि एकदा केबिनकडे पाहिले, जणू कुणी चेष्टा करत असावे. मग गाडी हलली. छत्री झटकन आत गेली. खडखडत, धूर सोडत, रिकामी पुलावर चढली आणि गेली.

थोड्या वेळाने फोनवर भोपूकाकाचा आवाज आला. फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू यायचा.

“बाई, या वेळेला दोनची गाडी माझ्या पाटीवर नाही बरं का. पण म्हटलं, तू वाजवलेस म्हणजे असणारच. साहेबांची खास गाडी असेल. म्हणून मी तिला थेट एक नंबर फलाट दिला.”

एक नंबर फलाट. रिकामी रोज शेडच्या लाइनीला जायची, आणि शेडच्या कुंपणापलीकडेच इस्पितळाचे मागचे दार होते. नणंद गाडीतून उतरून चार ढांगांत कामावर पोचायची. एक नंबर फलाट स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून जिना, जिन्यावरचा पूल, पुन्हा जिना, मग वखारींचा लांबलचक रस्ता. मानाच्या गाडीला मानाचा फलाट मिळाला होता, आणि तो इस्पितळाला पाठ करून उभा होता. हे तिच्या डोक्यातच आले नव्हते. आकड्याच्या मागे लागून ती वाटच विसरली होती.

“काका—”

“थांब, आली गाडी,” भोपूकाका म्हणाला. मग: “अगं बये! ही तर रिकामी! एक नंबरवर! मेल येतेय माझी, तिला काय डोक्यावर घेऊ? तू दोन वाजवलेस म्हणून मी डोळे मिटून घेतली गं! दुसऱ्या कुणी वाजवले असते तर आधी विचारलं असतं!”

हे शेवटचे वाक्य तिच्या जिव्हारी लागले. कंट्रोलने नंतर जे काय सुनावले ते त्यापुढे काहीच नव्हते. मेल बाहेर अडकली, तिच्यामागे पार्सल अडकली, आणि खडी तर बाईच्याच सिग्नलपाशी येऊन तांबड्या दिव्याकडे बघत बसली. दिवसभर तावदाने थरथरली नाहीत. झाकण वाजले नाही. चहात धूळ पडली नाही, आणि बाईच्या घशाखाली तो चहाही उतरला नाही.

संध्याकाळी दारावर थाप पडली. एकच. नवरा तर घरातच होता.

दारात नणंद. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला फडके गुंडाळलेले.

“कायम झाले,” ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच बसून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. “वहिनी, आज गाडी तिकडं कशी गं गेली? मी धावले. जिन्यावर चप्पल निसटली. मागून माणसं, वळता येईना. तशीच गेले. मुख्य बाई दार लावायला उठलीच होती. ती दुसरी डबा घेऊन आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मी तिच्या बगलेतून आत. मुख्य बाईनं माझ्या पायाकडे बघितलं, सही केली आणि म्हणाली, उद्या दोन्ही चपला घालून ये.”

सुतार हसला. केबिनबाईने खाली बसून नणंदेच्या पायाचे फडके सोडले, पाणी आणले, आणि पाय धुता धुता दोन ठोक्यांची हकिकत सांगितली. नणंदेचे हसणे हळूहळू विरले.

“तुझी नोकरी जाईल?”

“ठाऊक नाही.”

“माझ्यासाठी कशाला केलंस?” नणंद एकदम उसळली. “मी काय सांगितलं होतं का चुकीचे ठोके वाजव म्हणून?”

“नाही. तुम्ही नुसती छत्री रोखलीत,” केबिनबाई म्हणाली आणि पाय जरा जोरातच पुसला.

तपासनीस साहेब दुसऱ्याच दिवशी हजर झाले. या वेळी त्यांना चहा नको होता. वरच्यांनी विचारले होते की गाडी दोनची म्हणून स्टेशनात आली, तर दोनची गाडी मातीच्या ढिगांपाशी थांबली कशी? कुणी तरी पुढे होऊन सुचवलेही होते की ते ढीग उखडून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला.

“लिहून द्या,” साहेबांनी कागद पुढे सरकवला. “हात चुकला, एवढंच लिहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चुकला, कुणी फार ताणणार नाही.”

“हात चुकला नव्हता साहेब.”

“तसं म्हणू नका. मग मला मुद्दाम असं लिहावं लागेल.”

बाईने लेखणी घेतली. काय लिहायचे याचा तिला फार विचार करावा लागला नाही. लिहिताना मात्र दात इतके आवळले की दुसऱ्या दिवशीपर्यंत जबडा दुखत होता. तिने लिहिले की दोन ठोके मी वाजवले. गाडी पाचाची होती, पाचाची आहे, आणि ती पाचाचीच राहावी. ज्या आकड्यावर महिनाभर दात-ओठ खाल्ले, तो तसाच राहावा म्हणून तिनेच सही केली. खाली तारीख घातली आणि कागद साहेबांकडे उलटा ढकलला.

साहेबांनी दोनदा वाचला. “चूक की मुद्दाम, ते यात नाहीच.”

“खरं तेवढं आहे.”

साहेबांनी कागदाची घडी केली, कोपऱ्याला कोपरा न लावता, आणि निघून गेले. थांबे राहिले. नोकरीही राहिली, पण बाईला घंटेवरून उतरवले. पुलापलीकडच्या गावात नव्या भरतीसाठी ठोक्यांचा वर्ग चालायचा, तिथे महिनाभर रोज हजर राहायचे. ज्यांना घंटेचे बटण कुठे असते हे ठाऊक नाही, त्यांच्या बाकावर बसून एक म्हणजे मेल, दोन म्हणजे पॅसेंजर असे घोकायचे. भोपूकाकाने निरोप पाठवला की पाठ होत नसेल तर मी लिहून देईन. तिला तो निरोप मुळीच विनोदी वाटला नाही.

वर्ग पुलापलीकडे, म्हणजे जायचे रिकामीनेच.

पहिल्या दिवशी केबिनबाई नणंदेबरोबर फळीवर उभी राहिली. नणंदेच्या पायात नव्या चपला होत्या. गाडी आली, दोघी चढल्या, मास्तरणीने सरकून जागा दिली.

“या, या! खुद्द केबिनबाई!” कोपऱ्यातला गिरणीवाला म्हणाला. “आज काय बिशाद गाडीची थांबायची.”

“आपल्याच घरचा सिग्नल आज,” दुसऱ्याने री ओढली.

बाई खिडकीबाहेर बघू लागली. इतक्या वर्षांत ती या लाइनीवरून या बाजूने कधी आलीच नव्हती. वळण आले तशी केबिन दिसू लागली. इतकी उंच असेल असे तिला वाटले नव्हते. खालून बघताना तिची तीच खिडकी कुणा मोठ्या साहेबाची वाटत होती.

गाडीचा वेग कमी झाला. आणखी कमी झाला. मग एक हिसका बसला आणि रिकामी थांबली.

सगळे बाईकडे बघत होते. बाई सिग्नलकडे बघत होती. वर, तिच्या खिडकीत, कुठल्याशा दुसऱ्या गावाहून आणलेला बदली माणूस उभा होता. तिच्याच भांड्यातून कप भरून घेत होता. त्याने खाली रिकामीकडे एक नजर टाकली, गवताकडे टाकावी तशी, आणि घड्याळ बघून पुन्हा वळला. बाईला ठाऊक होते की आता फोनवर काय बोलणे चालले असेल. शब्द न् शब्द ठाऊक होता. आणि तिला हेही ठाऊक होते की तो माणूस चुकत नाहीये.

“किती वेळ?” मास्तरणीने विचारले.

“खडी जाईपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“खडी जाईपर्यंत, बाई!” केबिनबाई एवढ्या जोरात म्हणाली की बाकाखालची कोंबडी फडफडली.

लांबून धडधड येऊ लागली. इंजिन गेले, आणि मग डब्यामागून डबा, दगडांनी शिगोशीग भरलेला. खिडकीतून पांढरी धूळ आत आली आणि सगळ्यांच्या केसांवर बसली. वरच्या खिडकीत बदली माणसाने भांड्याचे झाकण काढून बाजूला ठेवले.

केबिनबाईने नकळत देवाचे नाव घेतले. खटका तर हातात नव्हता. कशासाठी घेतले ते तिचे तिलाच सांगता आले नसते. पण घशात अडकले नाही, एवढे बरे झाले.

शेजारी नणंद खिडकीतून हात बाहेर काढून बसली होती. छत्री नेहमीसारखी वर रोखलेली. खडीचे अर्धे डबे गेले, तरी अर्धे राहिलेच होते. नणंदेने हात आत घेतला, खांदा चोळला आणि छत्री वहिनीच्या मांडीवर ठेवली.

“घे,” ती म्हणाली. “माझा हात दुखला. आता तू रोख.”

केबिनबाईने छत्री उचलली, खिडकीशी सरकली आणि हात कोपरापर्यंत बाहेर काढला.